चढावरचे हुंकार

मी हृदयाच्या पेशंटना चालायला शिकवते. असं सांगितलं की लोक हसतात. चालायला काय शिकवायचं, पोरं वर्षाची झाली की चालतातच की. मग मला राग येतो आणि मी बोलत सुटते. मी एकदा बोलत सुटले की थांबत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यातल्या एकानं तर याचा चांगलाच फायदा करून घेतला. ते माझे सासरे.

हार्ट अटॅक येऊन गेला की माणसं दोनपैकी एक काहीतरी करतात. काही जण पलंगाला चिकटतात, पाण्याचा ग्लाससुद्धा बायकोनं हातात आणून द्यायचा. काही जण मला काही झालंच नव्हतं म्हणत आठवड्यात गाडीला किक मारतात. या दोघांच्या मधला रस्ता आखून देणं हे माझं काम. आधी सपाटीला हळू चालणं, मग जरा भरभर, मग चढ, मग हलकी वजनं. सुरुवातीला अंग तापवायचं आणि शेवटी एकदम थांबायचं नाही, सावकाश निववायचं. ज्याचं हृदय जसं, तसा त्याचा आराखडा. नाडी मी बघतेच, पण यातल्या बहुतेकांना नाडी संथ ठेवणारी गोळी चालू असते, त्यामुळं नुसत्या नाडीवर भरवसा ठेवून चालत नाही. म्हणून सगळ्यात साधी परीक्षा अशी, की चालता चालता बोलायचं. एक आख्खं वाक्य सरळ बोलता आलं तर वेग ठीक. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर जास्त होतंय, वेग कमी करा. यात ना यंत्र लागतं ना वायरी.

आणि एक नियम मी पहिल्याच दिवशी बजावून सांगते. छातीत, हातात, जबड्यात, कुठंही दुखलं किंवा आवळल्यासारखं झालं की थांबायचं आणि मला सांगायचं. बायकोला नाही, शेजाऱ्याला नाही, मला. सोनारानंच कान टोचावेत, बाकीच्यांनी नुसतं बघावं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई; नवरा वडलांना दादा म्हणतो. मी औरंगपुऱ्याच्या गल्लीत वाढलेली, माझ्या माहेरी सगळे कारकून नाहीतर मास्तर. ते सोयगावकडचे शेतीवाले, भावकी ही एवढी मोठी. लग्न आमचं आम्ही जमवलेलं, त्यामुळं दोन्हीकडं तोंडं वाकडी झाली होती. तेव्हा एकटे मामा बैठकीत म्हणाले होते, "पोरगी बोलती लई, पण खोटं बोलायची नाय." हे वाक्य मी इतकी वर्षं सर्टिफिकेटासारखं जपून ठेवलं. खोटं कोण बोलणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या पेरणीला ते मला शेतावर घेऊन गेले. त्यांच्याकडं रीत अशी की चाड्यावर पहिली मूठ गुणाच्या हाताची. चाडं म्हणजे तिफणीवरची ती लाकडी वाटी, तिच्यातून बी खाली जमिनीत जातं. ज्याच्या हाताला गुण, त्यानं पहिली मूठ सोडायची. भावकीतल्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या. मामा म्हणाले, "आज सुनबाईची मूठ." मी शहरातली, पदर सांभाळू की बी सांभाळू अशी माझी गत, पण सोडली मूठ. त्या वर्षी पावसानं दडी मारली. मका गुडघ्याएवढा झाला आणि वाळला. त्याच वर्षी चौथ्या महिन्यात माझं पोटातलं मूल गेलं. मी सोयगावला पडून होते, तेव्हा स्वयंपाकघरातलं बोलणं माझ्या कानावर आलं. "हिच्या हाताला गुणच नाय." उठून भांडावं असं फार वाटलं, पण अंगात त्राण नव्हतं. पुढं मुलगी झाली, ती आता नववीत आहे. त्या पहिल्याबद्दल घरात कुणी कधी चकार शब्द काढला नाही. मका गेल्याचं बोलणं व्हायचं, मुलाचं नाही.

मामांना अटॅक आला तो गेल्या दिवाळीनंतर. इथं शहरात आणून एक रक्तवाहिनी फुग्यानं उघडली, जाळी बसवली. दुसरीत थोडा अडथळा आहे, पण गोळ्यांवर ठेवू आणि लक्ष ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. मामा-आत्याबाई आमच्या सिडकोतल्या फ्लॅटवर राहायला आले. योगायोग असा की त्याच सुमारास मी औरंगपुऱ्यात हृदयाच्या पेशंटसाठी माझं स्वतःचं व्यायाम केंद्र सुरू करत होते. तोवर मी गुडघे आणि कंबरा बघायचे. पाटी रंगवून आली होती, पेशंट अजून यायचे होते. मामा पाटीकडं बघून म्हणाले, "मंग पहिला पेशंट मीच."

मला केवढा अभिमान वाटला होता. आज आठवलं की स्वतःचीच कीव येते.

मी प्रत्येकाला विचारते, बरं होऊन तुम्हाला नेमकं काय करायचंय. त्यावर माझा आराखडा ठरतो. कुणाला नातवाला उचलायचं असतं, कुणाला नोकरीवर जायचं असतं. मामा म्हणाले, "मृगाच्या आत शेताला चक्कर मारायची. एकट्यानं. कुणाचा हात न धरता." त्यांचं शेत डोंगराच्या कडेला, वरच्या तुकड्यापर्यंत चांगलाच चढ आहे. म्हणजे त्यांच्या आराखड्यात चढ आलाच. केंद्रातल्या फिरत्या पट्ट्यावर चालायला ते तयार नव्हते. जागच्या जागी चालायला मी काय घाण्याचा बैल आहे का, म्हणाले. मग मी तपासण्या केंद्रात ठेवल्या आणि चालणं बाहेर. आधी आमच्या कॉलनीतला सपाट रस्ता, मग विद्यापीठाच्या मागचा लेण्यांकडचा चढ. रोज सकाळी मी स्वतः त्यांच्याबरोबर.

सपाटीवर होतो तोवर तेच बोलायचे. कपाशी, बोंडअळी, बांधावरून भांडणारा शेजारी. एका दमात अख्खी भावकी सांगून व्हायची. मी खूश. नंतर चढ सुरू केला आणि त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. "तू सांग की. मी रोज तेच तेच बोलायलोय. तुझ्या लेकीच्या शाळेतल्या त्या बाईचं काय झालं मंग?"

मला काय, तेवढंच पाहिजे होतं. नवरा शेंद्र्याच्या कंपनीत, घरी आला की मोबाईल आणि झोप. मुलगी कानात वायर घालून बसलेली. माझं बोलणं ऐकून घ्यायला घरात कुणाला वेळ होता? आणि इथं एक माणूस रोज सकाळी चढावर माझ्या शेजारून चालतोय आणि म्हणतोय, हं. बरं. मग? सोयगावकडं गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. मामांचा हुंकार कधी थांबला नाही. मी माहेरचं सांगितलं, आईच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं, नवऱ्याच्या तक्रारी त्याच्याच बापाकडं केल्या. हं. बरं. मग?

एकदा मी ते पण सांगितलं. मक्याच्या वर्षाचं. स्वयंपाकघरातलं बोलणं, आणि ते ऐकत मी भिंतीकडं तोंड करून पडले होते ते. इतक्या वर्षांत कुणी एकदा तरी विचारायला पाहिजे होतं असं मी म्हणाले. मामा चालता चालता थांबले. कडुनिंबाच्या खोडाला हात लावून खाली शहराकडं बघत उभे राहिले. म्हणाले, "हं." मला वाटलं डोळ्यांत पाणी आलंय आणि ते लपवतायत. म्हाताऱ्या माणसाला संकोच नको म्हणून मीही तोंड फिरवलं. त्या दिवशी घरी आले तर मला इतकं हलकं वाटत होतं की मी पोळ्या करताना गुणगुणत होते, आत्याबाईंनी दोनदा वळून बघितलं.

दुखतं का, मी रोज विचारायचे. नाय. दम लागतो का? नाय. नाडी बरी, रक्तदाब बरा. मध्येच कधी डोकं दुखतं म्हणायचे, तेव्हा मी चष्म्याचा नंबर बघून घ्या म्हणाले होते. सगळं सुरळीत दिसतंय म्हटल्यावर मी नियमाप्रमाणं चढ वाढवला. नवऱ्यानं मामांचा चढ चढतानाचा व्हिडिओ काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. तिकडून हात जोडलेले आणि फुलांचे ढीग आले. मामांच्या धाकट्या भावाचं बायपास झालेलं होतं, त्यांचा फोन आला की पुढच्या महिन्यात मी पण सुनबाईकडंच येतो. मामा फोनवर त्यांना म्हणाले, "ये ये. हाताला गुण हाय पोरीच्या."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती सकाळ आली. मी आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीवरून चाललेल्या भांडणाचं सांगत होते, सेक्रेटरीची नक्कल करत होते. वाक्य संपलं आणि हुंकार आला नाही. मागं वळून बघितलं तर मामा रस्त्याकडेच्या दगडावर बसलेले, चेहरा राखेसारखा, सदरा घामानं भिजलेला आणि मूठ छातीवर. मी जे करायचं ते सगळं केलं. आडवं होऊ दिलं नाही, टेकून बसवलं, फोन केले, गाडी मागवली.

दवाखान्यात तातडीच्या खोलीत नवरा आणि आत्याबाई पण येऊन पोचले. ड्युटीवरचा तरुण डॉक्टर मला विचारायला लागला. याआधी चालताना छातीत दुखायचं का? मी अगदी ठसक्यात सांगितलं, "नाही. मी स्वतः फिजिओ आहे, रोज विचारते. एकदाही नाही."

माझ्या मागून आत्याबाई बोलल्या. "दुखायचं की. चढ लागला तवापासून दुखायचं." डॉक्टर थांबला. आत्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "निघताना जिभेखाली गोळी ठेवूनच निघायचे. कधी कधी वर गेल्यावर अजून एक."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मी सांगत बसत नाही. ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते, दुखणं दाबते. तिनं डोकं दुखतं, हे तर मी शिकाऊ पोरांना शिकवते. मी विचारलं, "गोळ्या कोण आणून देत होतं?" माझा नवरा स्वतःच्या बुटांकडं बघत होता.

मी त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं. "तुला माहीत होतं?"

"दादांनी शपथ घातली होती."

"कुणाची?"

तो म्हणाला, "तुझीच."

म्हणजे माझ्या गळ्याची शपथ घालून माझ्यापासूनच लपवलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. मी विचारलं, का? तर तो सांगायला लागला, आणि मला वाटतं सांगताना त्याला ते फार चांगलं, फार मोठ्या मनाचं वाटत होतं. दादा म्हणाले, मी पहिला पेशंट आहे. दुखतंय म्हणून सांगितलं तर ती चालणं बंद करील, परत दवाखाना, परत तपासण्या. भावकीत बोभाटा होईल. पुन्हा म्हणतील, हाताला गुण नाय.

पुन्हा. या एका शब्दानं माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे स्वयंपाकघरातलं ते बोलणं त्यांना माहीत होतं. नवऱ्याला माहीत होतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि ते फक्त मला एकटीलाच माहीत आहे असं समजून मी इतकी वर्षं ते पोटात घेऊन हिंडत होते.

मामांना आत नेलं होतं. दुसरी वाहिनी आता उघडावीच लागणार होती. मी बाकड्यावर बसले, आणि बसल्या बसल्या मला दुसरी गोष्ट उमगली, जी पहिलीपेक्षा वाईट होती. मामा बोलायचे कधी बंद झाले? चढ लागला तेव्हा. हं, बरं, मग. दम लागलेला माणूस एवढंच बोलू शकतो, एकेक शब्द. माझी जी परीक्षा होती, चालता चालता बोलण्याची, ती त्यांनी उलटी फिरवली. मलाच बोलायला लावलं. परीक्षा मी देत होते आणि रोज पास होत होते. आणि मी समजत होते की या घरात शेवटी कुणीतरी माझं ऐकून घेतंय. त्या झाडाला हात लावून ते उभे राहिले होते, ते माझ्या मुलासाठी नव्हे, छातीत कळ आली होती म्हणून. मी दवाखान्यात रडत नाही, पेशंटची माणसं घाबरतात. त्या दिवशी रडले, पण दुःखानं नाही, संतापानं.

दुसरी जाळी बसली. मामा वाचले. घरी आल्यावर जो येईल तो मला सांगायला लागला, किती गं जीव सासऱ्यांचा तुझ्यावर. धाकटे काका फोनवर म्हणाले, असा सासरा नशिबानं मिळतो. मला एकेकाला धरून विचारावंसं वाटायचं, की ते चढावर गेले असते तर? माझ्या शेजारी, मी नकला करत असताना? मग माझ्या हाताचा गुण कुठल्या चाड्यात घातला असता? आत्याबाई एकदा जवळ येऊन म्हणाल्या, "लेकरा, तुझं नाव राखायला केलं त्यांनी." मी म्हणाले, "नाव माझं होतं ना, मग मला विचारायचं होतं." त्यांना ते उद्धट वाटलं असेल. वाटू दे.

मी बोलणं बंद केलं. माझं बोलणं बंद म्हणजे आमच्या घराला सुतक. मामांना सांगितलं की व्यायामासाठी आता दुसऱ्या कुणाकडं तरी जा, माझ्या ओळखीची चांगली माणसं आहेत. ते म्हणाले, "दुसरीकडं जायचो नाय." मी म्हणाले मग घरी बसा. ते खरोखरच बसून राहिले, पलंगाला चिकटून. मृग तोंडावर आला आणि गेला. सोयगावला पेरणी झाली, कुणाच्या तरी गुणाच्या हातानं. मामा गॅलरीतल्या खुर्चीवर बसून खालच्या पार्किंगकडं बघत राहायचे. पाय बारीक होत चालले होते. ते मला बघवेना. राग अजून तसाच होता, पण राग आहे म्हणून पेशंट कुजवायचा, हे मला जमत नाही.

एका सकाळी मी त्यांचे बूट त्यांच्यापुढं आणून ठेवले. मी म्हणाले, "अट एकच. तुम्ही बोलायचं. मी एक शब्द बोलणार नाही."

पुन्हा सपाट रस्ता, पुन्हा सुरुवातीपासून. पहिले काही दिवस त्यांना काही सुचेचना. काय बोलू, म्हणायचे. मी गप्प. मग हळूहळू मका, बैल, शेजाऱ्याचा बांध. वाक्य तुटतंय का, श्वास कुठं घेतायत, ओठ पांढरे पडतायत का, यावर माझे कान आणि डोळे. काय सांगतायत ते माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. एकदा मध्येच थांबले, स्वतःहून. म्हणाले, "हाताला जरा आवळल्यागत वाटायलंय." मी नाडी धरली, बसवलं, थोड्या वेळात गेलं ते. मनगटावर घड्याळाचा पट्टा घट्ट बसला होता, ते छातीचं निघालंच नाही. पण ते मला म्हणाले होते. आत्याबाईंना नाही.

तरी आतलं काही निवलं नव्हतं. मग एक दिवस कॉलनीतून परत येताना मला राहवलं नाही, माझी अट मीच मोडली. विचारलं, "चढावर मी रोज जे सांगत होते, ते तुम्ही ऐकलं का?"

ऐकलं की पोरी, सगळं ऐकलं, असं म्हणून टाकणं त्यांना सोपं होतं. मला वाटतं, मलाही तेच हवं होतं. ते काही पावलं तसेच चालले. मग म्हणाले, "अर्धं ऐकलं. खोटं कशाला बोलू आता. बाकीच्या वक्ताला माझं समदं ध्यान हितंच असायचं." आणि मूठ छातीवर ठेवून दाखवली.

कोणतं अर्धं, हे विचारायला मी तोंड उघडलं. समोरून दूधवाला येत होता, त्याला आम्ही वाट दिली. मामा माझ्याकडं बघत होते, विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण ते सगळं त्यांनी सलग बोलून दाखवलं होतं, मध्ये कुठं श्वास तुटला नव्हता, ओठांचा रंग ठीक होता. वेग बरोबर होता. मी म्हणाले, "चला."